उजेड हवा, धग नको

नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. भट्टीत कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि जनित्रातून वीज बाहेर पडते. त्या कोळशात १०० भाग ऊर्जा होती असं धरलं, तर अशा आधुनिक संचातही तिच्यातल्या साधारण ३८ भागांचीच वीज होते. बाकीची ऊर्जा चिमणीतून आणि शीतन मनोऱ्यांतून हवेत जाते. तारा, रोहित्रं आणि वितरणातली गळती वजा केली की घरापर्यंत ३२ च्या आसपास भाग पोचतात. घरात जुना तारेचा बल्ब लावलेला असेल तर त्यातून उजेड म्हणून हाती लागतो जेमतेम दीड भाग. उरलेले तीस खोली तापवण्यात जातात.

नागपुरात ही गोष्ट दोनदा बोचते. एक म्हणजे, इथे खोली तापवायला कुणी पैसे मोजत नाही. २३ मे २०१३ रोजी शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की रात्री दहालासुद्धा भिंती ऊन ओकत असतात. दुसरं म्हणजे, कोराडी आणि शेजारचं खापरखेडा इथली वीज राज्याच्या ग्रिडमध्ये जाते, पण राख इथेच राहते. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या घरात असतं. जुलै २०२२ मध्ये कोराडीची राख साठवणारा खसाळ्याचा बंधारा फुटला, तेव्हा ही राख किती साठते हे साऱ्या शहराला दिसलं.

म्हणून ह्या प्रकरणात प्रत्येक दिव्याला आपण एकच प्रश्न विचारणार आहोत: तू वाया काय घालवतोस? तारेचा बल्ब, ट्यूब, सीएफएल, एलईडी, चौघांचीही उत्तरं वेगवेगळी आहेत. दिवा निवडताना किमतीपेक्षा ती जास्त उपयोगी पडतात.

तापवल्याशिवाय उजेड नाही

तारेच्या बल्बची युक्ती लोहाराच्या भट्टीत रोज दिसते. कोणतीही वस्तू पुरेशी तापली की ती आधी लाल, मग पिवळी, मग पांढरी झळाळते. बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. हवा लागली तर ती क्षणात जळून जाईल, म्हणून तिच्याभोवती काचेचा फुगा असतो आणि त्यात आरगॉनसारखा निष्क्रिय वायू भरलेला असतो. एडिसनच्या १८७९ च्या दिव्यात कोळशाचा धागा होता. टंगस्टन अतिशय ठिसूळ. त्याची लवचीक तार ओढण्याची रीत अमेरिकेत विल्यम कूलिजने १९१० च्या सुमारास बसवली. १९१३ मध्ये आयर्व्हिंग लँगम्यूरने वायू भरण्याची आणि तारेला वेटोळी देण्याची सुधारणा केली. त्यानंतर शंभर वर्षं बल्ब जवळपास तसाच राहिला.

तो सुधारला का नाही? कारण अडचण कारागिरीची नव्हतीच. तापलेल्या वस्तूतून कोणती किरणं किती निघणार हे तिचं तापमान ठरवतं. अडीच हजार अंशांवर बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने, म्हणजे न दिसणाऱ्या धगीच्या रूपाने बाहेर पडते. दिसणारा उजेड पाच टक्क्यांच्या आसपास. उजेडाचा वाटा वाढवायचा तर तार आणखी तापवायला हवी. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांवर आहे, आणि टंगस्टन ३४२२ अंशांवर वितळतं. सगळ्या धातूंमध्ये त्याचाच वितळबिंदू सर्वांत वरचा. त्यामुळे पुढे रस्ता नव्हता.

तार जास्त तापवली की उजेड वाढतो आणि आयुष्य घटतं. बल्ब ह्या ओढाताणीत जगतो. व्होल्टेज अवघं पाच टक्के चढलं तरी त्याचं आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं. रात्री उशिरा वस्तीतला वीजवापर उतरून व्होल्टेज चढतं, तेव्हा बल्ब जास्त प्रखर दिसतो आणि लवकर जातो. तो नेमका बटण दाबतानाच का उडतो, ह्याचंही कारण इथेच आहे. थंड तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी प्रवाहाचा मोठा लोंढा येतो आणि झिजलेल्या जागी तार तुटते.

हॅलोजन दिवा ह्याच घराण्यातला. त्याच्या छोट्या नळीत आयोडीन किंवा ब्रोमीनचा अंश असतो. तारेवरून उडालेलं टंगस्टन हा वायू पुन्हा तारेवर आणून बसवतो, म्हणून तार थोडी जास्त तापवता येते. फायदा दहा-वीस टक्क्यांचा, आणि धग तेवढीच. युरोपीय संघाने २००९ ते २०१२ दरम्यान साधे बल्ब टप्प्याटप्प्याने बाजारातून काढले आणि सप्टेंबर २०१८ पासून बहुतेक हॅलोजन दिव्यांनाही तोच रस्ता दाखवला. अमेरिकेत ऑगस्ट २०२३ पासून दर वॉटला निदान ४५ लुमेन उजेड न देणारा साधा दिवा विकता येत नाही. तारेचा बल्ब दर वॉटला बारा लुमेन देतो. बंदीत त्याचं नाव घेण्याची गरजही पडली नाही.

भारतात अशी देशव्यापी बंदी नाही. केरळने २०२० च्या अर्थसंकल्पात तारेचे बल्ब आणि सीएफएल ह्यांच्या विक्रीवर बंदी जाहीर केली. बाकी देशात बल्ब मागे हटला तो मुख्यतः बाजारातल्या भावामुळे. ती हकीकत पुढे येते.

नळीतला पारा

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात बैठकीचा मुख्य दिवा बल्ब नव्हताच, ट्यूबलाइट होती. तिच्या नळीत अगदी कमी दाबाची पाऱ्याची वाफ असते. वीज वाहू लागली की पाऱ्याचे अणू डोळ्यांना न दिसणारी अतिनील किरणं सोडतात. नळीच्या आतून लावलेली पांढरी पूड ती शोषून दिसणारा उजेड देते. इथे काही तापवून पांढरं करायचं नसल्यामुळे ट्यूब बल्बच्या चार-पाच पट उजेड देते. मात्र ३६ वॉटच्या ट्यूबसोबत जुना तांब्याच्या तारेचा चोक असेल तर तो स्वतः दहा-पंधरा वॉट खातो. पट्टी हाताला गरम लागते ती त्यामुळेच. मीटरवर ही जोडी पन्नास वॉटच्या आसपास पडते.

सीएफएल म्हणजे हीच ट्यूब वाकवून, तिचा इलेक्ट्रॉनिक चोक बुडाशी बसवून बल्बच्या होल्डरात मावेल अशी केलेली. ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००९ मध्ये ‘बचत लॅम्प योजना’ आणली. जुना बल्ब द्या आणि पंधरा रुपयांत सीएफएल न्या, असा तिचा व्यवहार होता. खरी किंमत आणि पंधरा रुपये ह्यांतला फरक कार्बन-पतांच्या आंतरराष्ट्रीय बाजारातून भरून निघणार होता. काही वर्षांतच त्या बाजारातले भाव कोसळले आणि हिशेब जमेना.

सीएफएल वाया काय घालवते? वीज कमी, पण मागे पारा सोडते. एका दिव्यात तीन ते पाच मिलिग्रॅम. दिवा शाबूत असताना धोका नाही. फुटला तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर जावं. तुकडे जाड कागदाने गोळा करावेत, उरलेली पूड ओल्या कागदाने टिपावी आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करावं. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, पूड हवेत उडते. ई-कचऱ्याच्या नियमांत पारायुक्त दिवे येतात, तेव्हा त्यांची जागा ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात नाही. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. करारातल्या देशांनी २०२२ मध्ये घरगुती सीएफएलसाठी २०२५ ची, आणि २०२३ मध्ये लांब ट्यूबसाठी २०२७ पर्यंतची मुदत ठरवली. म्हणजे बल्बला पर्याय म्हणून आलेला दिवा आता स्वतःच निघण्याच्या वाटेवर आहे.

निळ्या उजेडाची तीस वर्षांची वाट

एलईडीत तार नाही, वायू नाही. अर्धवाहक पदार्थाचे दोन थर एकमेकांना लागून असतात. एकात इलेक्ट्रॉनांची रेलचेल, दुसऱ्यात त्यांच्यासाठी मोकळ्या जागा. वीज जोडली की इलेक्ट्रॉन सीमा ओलांडून त्या मोकळ्या जागांत पडतात आणि पडताना सुटलेली ऊर्जा प्रकाशकण होऊन बाहेर येते. प्रकाशाचा रंग पदार्थ ठरवतो. उडी मोठी असेल तर निळा, लहान असेल तर लाल.

लाल एलईडी निक होलोनियाक ह्यांनी १९६२ मध्ये केला. रेडिओवर आणि कॅल्क्युलेटरवर तो लुकलुकू लागला, पण लाल उजेडात कुणी पोळ्या लाटत नाही. पांढऱ्यासाठी निळा हवा होता आणि त्यासाठी गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवावे लागणार होते. जगभरातल्या प्रयोगशाळांनी त्यापुढे हात टेकले. जपानमध्ये इसामु अकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो, तसंच निचिया कंपनीत काम करणारे शुजी नाकामुरा, हे तिघे चिवटपणे लागून राहिले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रखर निळा एलईडी आला. त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या पुडीचा थर चढवला की निळा आणि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा दिसतो. नवा बल्ब उघडल्यावर आतल्या चकतीवर पिवळे ठिपके दिसतात, तो हाच थर. तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

घरगुती एलईडी दर वॉटला शंभर लुमेनच्या आसपास उजेड देतो. ९ वॉटचा एलईडी ६० वॉटच्या जुन्या बल्बपेक्षा थोडा जास्तच उजळ. कोराडीचा हिशेब पुन्हा मांडला तर कोळशातल्या शंभर भागांपैकी दीडऐवजी दहा भाग उजेड होऊन हाती येतात. रोज पाच तास जळणारा एक बल्ब बदलला की वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचतात. कोळशात मोजायचं तर साठेक किलो, आणि राखेत मोजायचं तर वीसेक किलो.

३१० रुपयांचे ३८ कसे झाले

एलईडी चांगला आहे हे २०१४ मध्येही सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानात तो तीन-चारशे रुपयांना मिळायचा आणि तारेचा बल्ब दहा-पंधराला. ज्याच्या घरात महिन्याचा हिशेब रोजच्या मजुरीवर चालतो, त्याला ‘तीन वर्षांत पैसे वसूल’ हे सांगून उपयोग नव्हता.

वीज मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या चार सार्वजनिक कंपन्यांनी मिळून काढलेल्या ‘एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस लिमिटेड’ने, म्हणजे ईईएसएलने, ह्या प्रश्नाकडे ठोक खरेदीदाराच्या नजरेने पाहिलं. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेली योजना पुढे ‘उजाला’ ह्या नावाने ओळखली गेली. सरकारने किमतीवर अनुदान दिलं नाही. कंपनीने कोट्यवधी बल्बांची मागणी एकत्र करून निविदा काढल्या, आणि दर फेरीला कारखानदारांचे भाव उतरत गेले. २०१४ मध्ये ३१० रुपयांना खरेदी होणारा बल्ब काही वर्षांत ३८ रुपयांवर आला. ग्राहकाला तो सत्तरच्या आसपास पडू लागला. अनेक राज्यांत वीजबिलातून हप्त्याने पैसे फेडण्याची सोय होती. बिल भरणा केंद्राबाहेर टेबल मांडून बल्ब विकणारी माणसं त्या काळात महाराष्ट्रभर दिसायची.

योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब गेले. सरकारी अंदाजानुसार त्यातून वर्षाला सुमारे ४,८०० कोटी युनिट वाचतात आणि ऐन मागणीच्या वेळचा भार साडेनऊ हजार मेगावॉटने कमी होतो. कोराडीचे तीन मोठे संच मिळून १,९८० मेगावॉट देतात, म्हणजे असे जवळपास पाच कारखाने. हा आकडा प्रत्येक बल्ब जुन्याच्या जागी लागला आणि ठरावीक तास जळला, ह्या गृहीतावर उभा आहे. काही बल्ब सीएफएलच्या जागी लागले असतील, काही फडताळात पडून राहिले असतील. तरी दिशा वादातीत आहे. मोठा बदल योजनेबाहेरही झाला. सरकारी खरेदीचा भाव जाहीर झाल्यावर दुकानातला एलईडी तिप्पट किमतीला विकणं कुणालाच परवडेना. तारेचा बल्ब आपल्याकडे हटला तो ह्या भावापुढे.

नागपूरचा उन्हाळा आणि एलईडीचं आयुष्य

खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं. रोज पाच तास वापरला तर तेरा वर्षं. प्रत्यक्षात दीड-दोन वर्षांत गेलेले एलईडी घरोघरी आहेत आणि ‘जुनेच बरे होते’ असं म्हणणारेही. खोक्याचंही खरं आहे आणि त्यांचंही.

९ वॉटच्या एलईडीतले सुमारे तीन वॉट उजेड होतात, सहा वॉट उष्णता. जुन्या बल्बच्या मानाने ही उष्णता किरकोळ. पण तारेचा बल्ब आपली धग किरणांनी बाहेर फेकतो, एलईडीची उष्णता त्याच्या बुडाशी साठते. तिथेच त्याचा ड्रायव्हर असतो. २३० व्होल्टच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेतून एलईडीला झेपेल असा एकाच दिशेचा मोजका प्रवाह तयार करणारी ही छोटी पाटी. तिच्यावर इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर असतो, आत द्रव भरलेला. त्याचं तापमान दहा अंशांनी चढलं की आयुष्य निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. खोक्यावरचे तास साधारण २५ अंशांच्या खोलीत मोजलेले असतात. मे महिन्यात नागपुरातल्या वरच्या मजल्याच्या खोलीत छताजवळची हवा चाळीसच्या वर असते. म्हणजे कपॅसिटरचं आयुष्य तिसऱ्या हिश्श्यावर. त्यात तो बल्ब वरून काचेच्या बंद गोळ्यात बसवला असेल तर आणखी खाली.

त्यामुळे घरात सगळ्यांत आधी मरतो तो व्हरांड्यातल्या बंद गोळ्यातला आणि पीओपीच्या छतात खोल बसवलेला एलईडी. बंद गोळ्यात कमी वॉटचा बल्ब लावावा किंवा गोळा खालून उघडा ठेवावा. छतात बसवायच्या दिव्याला मागे अ‍ॅल्युमिनियमचं जड बूड आहे का, हे हातात घेऊन पाहावं. इथे वजन हा गुण आहे.

दुसरा शत्रू म्हणजे विजेचे झटके. मान्सूनपूर्व वादळांत तारांवरून येणारा क्षणिक उच्च दाब साध्या ड्रायव्हरला पुरतो. अगदी स्वस्त बल्बांत वेगळा ड्रायव्हर नसतोच. एलईडीच्याच चकतीवर दोन-चार भाग जोडलेले असतात. दुरुस्ती करणारे त्याला ‘डीओबी’ म्हणतात. हा बल्ब व्होल्टेजबरोबर कमीजास्त होतो आणि सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. डोळ्यांना ते जाणवेलच असं नाही, पण मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. अभ्यासाच्या टेबलावर असा दिवा नको.

दुरुस्तीचाही एक बाजार आहे. चकतीवरचे एलईडी एकामागोमाग एक जोडलेले असतात, एक गेला की सगळे विझतात. गेलेल्याच्या पिवळ्या ठिपक्यात काळा डाग दिसतो. कारागीर तो डाग खरवडून दोन टोकं डागतो आणि बल्ब पुन्हा पेटतो. वेगळा ड्रायव्हर असलेल्या बल्बात हा इलाज काही महिने चालतो. डीओबीत मात्र उरलेल्यांवर जास्त ताण पडून ते एकेक करत जातात. घरी हा प्रयोग करू नये. चकतीवर थेट २३० व्होल्ट असतात.

खोका वाचायचा कसा

वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो. उजेड किती देतो ते लुमेन सांगतात. जुन्या ६० वॉटच्या जागी सातशे-आठशे लुमेन, १०० वॉटच्या जागी तेराशे-चौदाशे. दोन कंपन्यांचे ९ वॉटचे बल्ब शेजारी ठेवा. एकावर ८०० लुमेन आणि दुसऱ्यावर १,००० असेल, तर त्याच बिलात दुसरा जास्त देतो.

केल्विनचा आकडा उजेडाची छटा दाखवतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बचा पिवळसरपणा, ६५०० म्हणजे दुपारचा निळसर पांढरा. आपल्या बाजारात ६५०० चीच चलती आहे, कारण तो जास्त ‘लख्ख’ वाटतो. स्वयंपाकघरात, शिवणकामाला तो ठीक. निजण्याच्या खोलीत रात्री निळसर उजेड झोप आणणाऱ्या मेलॅटोनिनला दाबतो, तिथे पिवळसर घ्यावा. रंग खरे दिसावेत म्हणून ‘सीआरआय’ पाहावा, ८० किंवा त्याहून वर. जुना बल्ब ह्या बाबतीत शंभरला टेकतो, आणि एलईडीखाली भाजी फिकी, कातडी निस्तेज दिसते ही तक्रार कमी सीआरआयच्या दिव्यांमुळे आलेली आहे. सराफाला हे चांगलं कळतं. सोन्याच्या काउंटरवर तो पिवळसर दिवे लावतो, हिऱ्या-चांदीवर पांढरे.

घरगुती एलईडी बल्बांवर ऊर्जा दक्षता ब्यूरोची तारांकित पट्टी २०१८ पासून सक्तीची आहे. भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही असायला हवा. खोक्यावर चालण्याची व्होल्टेज-मर्यादा लिहिलेली असते. १४० ते २७० सारखी रुंद मर्यादा असलेला बल्ब आपल्या पुरवठ्यात टिकतो.

जुना बल्ब कुठे राहू द्यावा

तारेचा बल्ब धग वाया घालवतो, पण जिथे धगच हवी तिथे तो वाया घालवत नाही. कुक्कुटपालन करणारा शेतकरी नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लांना पहिला आठवडा ३२ ते ३५ अंशांत ठेवतो. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा किमान पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री ब्रूडरखाली एलईडी लावून पिल्लं वाचणार नाहीत. ओव्हनच्या आतला दिवाही तारेचाच लागतो. तिथल्या तापमानाला अर्धवाहक तग धरत नाही.

आणि इलेक्ट्रिशियनची पेटी. तिच्यात एक सिरीज बोर्ड असतो, म्हणजे १०० किंवा २०० वॉटचा बल्ब आणि त्याच्याशी ओळीने जोडलेला सॉकेट. बंद पडलेलं मिक्सर किंवा इस्त्री त्या सॉकेटात लावायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि फ्यूज वाचतो. मिणमिणला तर यंत्रातून प्रवाह बेताचा वाहतोय. मुळीच पेटला नाही तर तार कुठेतरी तुटलीय. तापल्यावर विरोध वाढवणारी तीच टंगस्टनची तार इथे स्वस्तातला संरक्षक आणि निदानकर्ता आहे. एलईडीला हे जमत नाही.

उजेडाची उधळण

एलईडी उजेड स्वस्त करतो. स्वस्त झालेल्या वस्तूची उधळपट्टी होते, आणि मग वाया जाण्याचा प्रश्न धगीकडून उजेडाकडे सरकतो. नागपूर महापालिकेने गेल्या दशकात रस्त्यांवरचे पिवळे सोडियम दिवे उतरवून एलईडी बसवले. सोडियम दिवा तसा वाईट नव्हता, दर वॉटला शंभर लुमेनपर्यंत पोचायचा. पण त्याचा उजेड चहूकडे पसरायचा. एलईडीचा उजेड भिंगाने नेमका रस्त्यावर पाडता येतो, म्हणून कमी वॉटमध्ये काम भागतं. तोच दिवा चुकीच्या कोनात बसवला तर समोरच्याच्या डोळ्यांत आणि आभाळात जातो.

ह्यावर नागपुरात दोन चांगले प्रयोग झाले. माजी महापौर प्रा. अनिल सोले ह्यांच्या कल्पनेतून महापालिका आणि ग्रीन व्हिजिल फाउंडेशन ही संस्था पौर्णिमा दिवस पाळू लागली. पौर्णिमेच्या रात्री आठ ते नऊ एक तास दुकानदारांनी आणि रहिवाशांनी गरज नसलेले दिवे बंद ठेवावेत, एवढंच आवाहन. स्वयंसेवक चौकात उभे राहून दुकानादुकानात विनंती करतात. एका तासात वाचणारी वीज थोडी असते. पाटी, शोकेस, जिना असे नको असलेले दिवे किती आहेत, हे मालकाला मोजायला लावणं हा त्याचा मोठा उपयोग.

दुसरा प्रयोग जिल्ह्याच्या उत्तरेला, पेंच व्याघ्र प्रकल्पात झाला. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा ह्या गावांतले शंभराहून जास्त सार्वजनिक दिवे बदलून खाली उजेड पाडणारे बसवले. गाव अंधारात गेलं नाही. आभाळाकडे जाणारा भाग फक्त अडवला. निशाचर प्राण्यांना आणि कीटकांना त्याचा लाभ झाला, आणि दुर्बीण लावणाऱ्यांनाही.

घरात सुरुवात कुठून करावी

वॉट मोठा तो आधी बदलायचा, असं वाटतं. खरं तर वॉट आणि तास ह्यांचा गुणाकार पाहायचा. अडगळीच्या खोलीतला ६० वॉटचा बल्ब दिवसातून दहा मिनिटं जळत असेल तर वर्षाला चार युनिटही खात नाही. तो जाईपर्यंत राहू द्या. देवघरातला किंवा निजण्याच्या खोलीतला ‘झिरो’चा बल्ब मात्र पाहा. त्याचं नाव शून्य असलं तरी जुना तारेचा झिरो १५ वॉटपर्यंत घेतो. रोज दहा तास जळला तर वर्षाला ५५ युनिट. अर्ध्या वॉटचा एलईडी तेच काम दोन युनिटांत करतो. त्यानंतर जिन्यातला आणि फाटकावरचा रात्रभर जळणारा दिवा, मग जुन्या चोकच्या ट्यूबा. एका ट्यूबच्या जागी २० वॉटची एलईडी पट्टी लावली की तीस वॉट वाचतात.

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात: शंभर युनिटपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि पुढे. वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातून वजा होतं. ३२० युनिट वापरणाऱ्या घराने वीस वाचवली तर तिसरा टप्पा बिलातून निघून जातो.

उन्हाळ्यात ह्याला आणखी एक फळ येतं. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर पडते. १०० वॉटचा बल्ब पेटता ठेवणं म्हणजे खोलीत आणखी एक माणूस बसवणं, आणि त्याला गार ठेवायचं काम पुन्हा कूलरवर.

एवढं सगळं केलं की नागपूरच्या घरातला दिव्यांचा वाटा इतका उतरतो की बिलातलं पुढचं मोठं नाव डोळ्यांसमोर येतं. साधा छताचा पंखा ७५ वॉट घेतो आणि इथे वर्षातले आठ महिने रोज पंधरा तास फिरतो. म्हणजे २७० युनिट. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढंच वारं तीस वॉटमध्ये देतो. एक पंखा बदलला की वर्षाला १६० युनिट वाचतात, एका बल्बच्या पावणेदोन पट. पंख्यांना ताऱ्यांची सक्ती २०२३ पासून लागू झाली आहे आणि ईईएसएलनेही बल्बांसारखीच ठोक खरेदी पंख्यांसाठी हाती घेतली आहे. त्याची मोटर वेगळी कशी, आणि तिच्यावर उन्हाळ्याचा काय परिणाम होतो, ते पुढच्या प्रकरणात पाहू.